पांढरा सगळ्यात शेवटी

ऑस्ट्रियाची पायदळ पलटण रंगवायला घेतलीस, फार बरं केलंस बाळा. नेपोलियनच्या काळातल्या फौजांमध्ये हाताची खरी परीक्षा हीच घेते. पांढरा कोट, त्यावर पांढरे पट्टे, खाली पांढरी विजार. हंगेरियन पलटणींच्या विजारी निळ्या, म्हणून त्या जरा सोप्या. तू घेतलेली जर्मन पलटण मात्र गळ्यापासून गुडघ्यापर्यंत पांढरी. हा कोट ऑस्ट्रियाच्या पायदळाने १८६८ पर्यंत सोडला नाही. नेपोलियननेही १८०६ मध्ये निळीच्या टंचाईपायी आपल्या काही पलटणींना पांढरे कोट चढवले आणि १८०७ मध्ये तो हुकूम मागे घेतला. तेव्हा पांढरा अंगावर सांभाळणं त्यांनाही जड गेलं होतं, हे लक्षात ठेव आणि घाई करू नकोस.

पांढरा कपडा पांढऱ्या रंगाने रंगवायचा नसतो. पांढऱ्याच्या वर आणखी उजळ काही नाही. सुरुवातच त्याने केलीस, तर खांद्यावर पडलेला उजेड दाखवायला हाताशी काय उरेल? म्हणून आधी फिकट राखाडी नाहीतर हस्तिदंती लाव. ऑस्ट्रियन कोटाची लोकर न रंगवलेली असायची, त्यामुळे त्यात किंचित मातकट छटा हवीच. पांढऱ्यात रॉ अंबर अगदी सुईच्या टोकाएवढा आणि त्याहून कमी काळा घाल. बशीत हा रंग मळकट दिसेल. दिसू दे. शेजारी काळे बूट आणि गडद टोपी आली की तोच उजळ वाटतो.

प्रायमर काळा नको. काळ्यावर पांढरा चढवायला थरांवर थर द्यावे लागतात आणि तोवर चेहऱ्याचे, बटणांचे बारकावे बुजतात. राखाडी प्रायमर मार. मग वरून, तिरक्या कोनात, पांढऱ्याचा हलका फवारा दे. उजेड कुठे पडतो आणि सावली कुठे बसते, हे सैनिक स्वतःच दाखवतो. मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेव, पुढे कामी येईल. पावसाळ्यात दमट हवेत मात्र स्प्रेच्या डब्याला हात लावू नकोस. भर उन्हात, लांबून मारलेला फवारा हवेतच सुकतो आणि कोटावर रवाळ बसतो. मग तो घासून काढण्यात जीव जातो.

आता रंगाची जाडी. टायटॅनियम व्हाइट झाकतो चांगला, पण जाड लावला की खडूसारखा दिसतो. झिंक व्हाइट पारदर्शक, तो वरच्या नाजूक थरांना चांगला. दोन्हींना पाणी घाल आणि दोन-तीन पातळ हात दे. एक हात पुरता वाळल्याशिवाय दुसरा देऊ नकोस. अर्धवट ओला थर कुंचल्याबरोबर उचलला जातो आणि मध्ये खड्डा पडतो. रंग आधी अंगठ्याच्या नखावर ओढून बघ. नख थोडं दिसलं पाहिजे, पण रंग पळता कामा नये.

सावलीपाशी बहुतेकांचा हात बिघडतो. तयार वॉशची बाटली उघडायची आणि अख्ख्या कोटावर ओतायची, ही सवय हिरव्या-तपकिरी कपड्यांवर खपून जाते. पांढऱ्यावर ती सपाट जागी सुकलेल्या पाण्याच्या कडा सोडते. तू वॉश फक्त चुण्यांच्या खोबणीत, बारीक टोकाने सोड. मोठ्या घडीसाठी रंग खूप पातळ कर, कुंचला टिश्यूवर टिप आणि फटका उजेडाकडून सावलीकडे ओढ. कुंचला जिथे उचलतोस तिथे रंग साचतो. म्हणून उचलायचा तो सावलीतच. असे चार-पाच हात झाले की छटा आपोआप मिसळते. सावली अरुंद ठेव, पण भित्री ठेवू नकोस. २८ मिमीच्या सैनिकाच्या चुण्या इतक्या लहान असतात की खोलीतल्या उजेडात त्यांची खरी सावली डोळ्यांना दिसतच नाही. ती आपल्याला वाढवून दाखवावी लागते. ५४ मिमीच्या सैनिकावर हाच फरक हळुवार कर.

सावलीचा रंग कपडा ठरवतो. या लोकरीला तपकिरी-राखाडी. पट्टे पांढऱ्या मातीने घासून उजळवलेले असायचे, म्हणून ते कोटापेक्षा एक पायरी पांढरे आणि त्यांची सावली थंड, निळसर राखाडी. दिवाळीच्या किल्ल्यासाठी मावळे रंगवशील तेव्हाही हाच विचार कर: मांजरपाटाच्या अंगरख्याला पिवळसर सावली शोभते, नीळ दिलेल्या धोतराला निळसर. सगळ्यांना एकच करडा फासला, तर कपडा कसला आहे ते कळत नाही.

पट्टा आणि कोट यांच्यामध्ये गडद तपकिरी रेघ ओढ, केसाएवढी. काळी ओढलीस तर सैनिक व्यंगचित्रातला दिसेल. माझ्या मते या पलटणीत सगळ्यात मोलाचं काम या रेघेचं आहे. ती नसेल तर हातभर अंतरावरून कोट, पट्टा आणि विजार मिळून एकच पांढरा डाग दिसतो.

शुद्ध पांढरा आता काढ. खांद्याचा माथा, कोपराची घडी, गुडघा, पट्ट्याची वरची कड, बस्स. त्यानंतर कॉलर आणि कफ यांचे रंग, बूट, बंदूक. लालावर पांढरा दुरुस्त करणं कठीण, पांढऱ्यावर लाल चढवणं सोपं. म्हणून हा क्रम मोडू नकोस. पांढऱ्यासाठी पाण्याची वाटी आणि कुंचला वेगळे ठेव. धातूच्या रंगाचे चकचकीत कण एकदा पाण्यात शिरले की कोटावर येतातच. सैनिकाला बुचावर चिकटव आणि बुच धरूनच रंगव. बोटांचा तेलकटपणा पांढऱ्यावर लगेच उमटतो.

पिवळ्या बल्बखाली पांढऱ्याचा अंदाज चुकतो. दिवसा खिडकीशी बस, रात्री पांढऱ्या उजेडाचा दिवा घे. शेवटचं वार्निश पाण्यात मिसळणारं अ‍ॅक्रिलिक, मॅट. तेलाचं घेऊ नकोस, ते काही वर्षांत पिवळं पडतं. पलटण मोठी आहे, तेव्हा आधी एकच सैनिक वार्निशपर्यंत पुरा कर, आणि त्याच्या मिश्रणाचं प्रमाण वहीत लिहून ठेव; उरलेल्यांचे कोट त्याच्याशी जुळवायचे आहेत.