पळसाचे चित्र

फाल्गुन महिना आला. माळावर, शेताच्या बांधावर पळस फुलला. लांबून पाहिले तर झाड पेटल्यासारखे दिसते. आज आपण त्याचे चित्र काढू.

कोणी म्हणेल, "हे पोरांचं काम. आमचे हात कुदळीचे." पण याच हातांनी तुम्ही अक्षरे गिरवलीत. बायका तर दारात रांगोळी काढतात, ठिपक्याला ठिपका बिनचूक जोडतात. हात तयारच आहे. शिकवायचे आहे ते डोळ्यांना.

झाड काढा म्हटले की पुष्कळ जण एक उभे खोड काढतात आणि वर हिरवा गोळा. असा पळस कुणी पाहिलाय? फुलांच्या दिवसांत त्याच्यावर पान जवळजवळ नसतेच. खोड वाकडेतिकडे असते. म्हणून घरात बसून नको, झाडासमोर जाऊन बसू. सकाळी जावे. उन्हे चढली की सावली सरकते, आणि डोकेही तापते!

एक कोरा कागद घ्या. कागदाखाली पाटी धरा. पिवळी, नारिंगी, लाल, तपकिरी आणि काळी, एवढ्या रंगीत पेन्सिली पुरेत. घरात मुलांची पेटी असेल तर मागून घ्या. पेन्सिल खाली पाडू नका. आतली कांडी मोडते. मग कितीही तासली तरी टोक गळून पडते.

आधी तपकिरी पेन्सिलीने खोड आणि फांद्या काढा. रेघ हलकी असू द्या.

आता फुले. एक फूल उचलून हातात घ्या. झाडाखाली सडा पडलेला असतो, तोडायला नको. पाहा, एक पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली आहे. देठाजवळची वाटी काळपट आहे, मखमलीसारखी मऊ. कळ्याही तशाच काळपट. ही काळी वाटीच चित्रात फार कामाची. काळ्याशेजारी नारिंगी रंग जास्त झळकतो. नुसता लाल-नारिंगी भरला तर झाड नाही, शेकोटी दिसेल.

फिका रंग आधी, गडद रंग मागून, हे ध्यानात ठेवा. गडद रंगावर पिवळा चढत नाही. फांद्यांच्या शेंड्यांकडे फुलांचे झुबके आहेत, तिथे आधी पिवळा हलकेच फिरवा. त्यावर नारिंगी. ऊन पडते त्या बाजूला तेवढेच राहू द्या. सावलीच्या बाजूला वरून लाल द्या, थोडा तपकिरी द्या. शेवटी काळ्या पेन्सिलीने वाट्यांचे आणि कळ्यांचे ठिपके. झुबक्यांमध्ये मोकळी जागा सोडा. तिथून आभाळ दिसते.

पेन्सिल दाबू नका. दाबली की कागद मेणासारखा गुळगुळीत होतो. मग त्यावर दुसरा रंग धरत नाही. आणि रंगीत रेघ खोडरबराने पुरती जातही नाही. एक फांदी चुकली तर तिच्यावर फुले काढा. पळस तेवढे चालवून घेतो.

झाडाखाली पडलेली चार फुलेही काढा. आम्हांला तर तीच जास्त आवडतात.

चित्राखाली झाडाचे नाव लिहा. गावाचे नाव लिहा, तारीख घाला. मग आपली सही करा. अंगठा नको.

पुढे पालवी फुटली की तोच कागद घेऊन परत त्या झाडाकडे जा. तेव्हा फुले गळून गेलेली असतील. एका देठावर किती पाने आहेत ते मोजा, आणि कागदाच्या मागे तेवढीच काढा.