दिनविशेष : 27 जानेवारी, गाण्यांचा एक दिवस



परिपाठात आपण रोज दिनविशेष घेतो. खरं सांगायचं तर बहुतेक वेळा तो उरकतोच. कुणाचा जन्म, कुणाचा मृत्यू, एखादा शोध, झालं. मुलं फळ्यावर लिहितात, आपण वाचून घेतो आणि पहिला तास सुरू होतो. मीही वर्षानुवर्षं हेच करत आलो. पण एका जानेवारीत माझ्या हातून एक चूक झाली आणि त्या चुकीतून हा पाठ तयार झाला.

प्रजासत्ताक दिनाच्या कार्यक्रमात आमच्या मुलींनी 'ऐ मेरे वतन के लोगो' म्हटलं होतं. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. मी मोठ्या थाटात सांगितलं की, 1963 साली आजच्याच दिवशी, 26 जानेवारीला, लताबाईंनी हे गाणं पंडित नेहरूंसमोर गायलं. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी सातवीतल्या एका मुलीची दिनविशेष लिहायची पाळी होती. तिने फळ्यावर लिहिलं, '27 जानेवारी 1963 : ऐ मेरे वतन के लोगो प्रथम सादर.' मी वर्गात गेलो, वाचलं आणि 'अगं, काल सांगितलं ना, 26!' असं म्हणून डस्टरने सात पुसून सहा केला. ती काही बोलली नाही. जागेवर जाऊन बसली.

घरी आल्यावर राहवेना, म्हणून शोधलं. मुलीचं बरोबर होतं. कार्यक्रम प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने होता, पण झाला तो दुसऱ्या दिवशी, 27 जानेवारीला, दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर. निमित्त 26 चं, म्हणून आपण सगळे तारीखही 26 ची ठोकून देतो. आपल्या ग्रुपवर दरवर्षी फिरणाऱ्या मेसेजमध्येही तेच असतं. पण मेसेज चुकीचा होता म्हणून मी सुटत नाही. एका बरोबर लिहिणाऱ्या मुलीचं उत्तर मी चाळीस मुलांसमोर पुसलं होतं.

28 तारखेला मी आधी फळ्यावर 27 लिहिलं, तिचं नाव घेऊन 'माझं चुकलं' म्हणालो आणि मग अख्खा तास याच एका तारखेवर घेतला. तोच पाठ आता दरवर्षी घेतो. तुम्हालाही उपयोगी पडेल म्हणून इथे देतोय.

सुरुवात या गाण्यापासूनच करा, कारण ते मुलांना पाठ असतं. ऑक्टोबर 1962 मध्ये चीनशी युद्ध सुरू झालं, 21 नोव्हेंबरला थांबलं. लडाखमध्ये चुशूलजवळ रेझांग ला इथे 18 नोव्हेंबरला 13 कुमाऊँ पलटणीची एक कंपनी मेजर शैतान सिंग यांच्या नेतृत्वाखाली जवळजवळ शेवटच्या माणसापर्यंत लढली. मेजर शैतान सिंग यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. देश हरला होता, लोकांचा धीर खचला होता. युद्ध संपून जेमतेम दोन महिने झाले होते तेव्हाचा हा कार्यक्रम आहे, हे मुलांना आवर्जून सांगा. आपण हे गाणं विजयाच्या सुरात, स्पीकर कर्कश लावून वाजवतो. खरं तर ते शोकाचं गाणं आहे. मुलांना एकदा शांतपणे, डोळे मिटून ऐकायला लावा, फरक त्यांना आपोआप कळतो.

गीतकार कवी प्रदीप. मूळ नाव रामचंद्र नारायण द्विवेदी, मध्य प्रदेशातल्या बडनगरचे. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे आपले रामचंद्र नरहर चितळकर, अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. 'अलबेला' आणि 'अनारकली'ची गाणी त्यांचीच. आजीआजोबांना विचारा, लगेच गुणगुणायला लागतील! गायिका लता मंगेशकर, तेव्हा वय वर्षं 33. मध्यंतरी लताबाई आणि अण्णा चितळकर यांच्यात अबोला होता, तरी या गाण्यासाठी दोघं एकत्र आले. समोर राष्ट्रपती राधाकृष्णन आणि पंतप्रधान नेहरू. गाणं संपल्यावर नेहरूंच्या डोळ्यांत पाणी होतं, असं लताबाईंनी पुढे अनेकदा सांगितलं. ज्यांनी शब्द लिहिले त्या कवी प्रदीपांना मात्र त्या दिवशी दिल्लीला बोलावणंच नव्हतं. हे सांगितलं की वर्गात हमखास कुणीतरी विचारतं, 'का सर?' मी उत्तर देत नाही. आपल्या स्नेहसंमेलनात नाटुकलं कोण लिहितं आणि हार कुणाला घालतात, एवढंच विचारतो.

आणखी एक गोष्ट. माहीमच्या समुद्रकिनाऱ्यावर फिरताना प्रदीपजींना पहिली ओळ सुचली, जवळ कागद नव्हता, म्हणून त्यांनी सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदावर ती लिहून घेतली, असा किस्सा सांगतात. मुलांना तो फार आवडतो. सांगा, पण 'असं सांगतात' हे शब्द वगळू नका. कार्यक्रमाची तारीख ही नोंद आहे, पाकिटाची गोष्ट हा किस्सा आहे. दोन्ही आपल्या जागी छान असतात. सातवीच्या मुलाला हा फरक कळला तर इतिहासाचं अर्धं पुस्तक कळलं असं मी समजतो.

या गाण्याचं मानधन युद्धात वीरमरण आलेल्या जवानांच्या पत्नींच्या निधीला जावं, अशी प्रदीपजींची इच्छा होती. तो मामला पुढे मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2005 मध्ये न्यायालयाने ध्वनिमुद्रिका कंपनीला 10 लाख रुपये भरायला सांगितले. गाणं 1963 चं, आदेश 2005 चा. वजाबाकी मुलांनाच करू द्या.

आता त्याच तारखेला जगात दुसरीकडे चला. 27 जानेवारी 2014 ला न्यूयॉर्कमध्ये पीट सीगर वारले, वयाच्या 94 व्या वर्षी. नाव मुलांनी ऐकलेलं नसतं, पण 'हम होंगे कामयाब' कुणाला येत नाही? ते गिरिजाकुमार माथुर यांनी 'वी शॅल ओव्हरकम' या गाण्यावरून हिंदीत आणलं, आणि मूळ गाणं जगभर नेणाऱ्यांत सीगर होते. गंमत अशी की ते त्यांनी रचलेलं नाही. त्याची मुळं अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या भजनात आहेत. 1945-46 च्या सुमारास दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटन गावी तंबाखूच्या कारखान्यातल्या कामगारांचा संप होता, त्यात बायका पुष्कळ होत्या. त्यांनी ते संपात म्हटलं. तिथून ते टेनेसीतल्या हायलँडर नावाच्या लोकशाळेत झिल्फिया हॉर्टन या बाईंकडे आलं, त्यांनी सीगरना शिकवलं. म्हणजे चर्च, कारखाना, शाळा आणि मग जग. आपल्या ओव्या जात्यावरून जात्यावर गेल्या तसंच काहीसं. स्वतः सीगर यांना सरकारच्या चौकशी समितीने 1955 साली 'तुमचे राजकीय विचार काय, कुणाकुणासाठी गायलात' असं विचारलं. त्यांनी उत्तर द्यायला नकार दिला. खटला झाला, शिक्षा झाली, 1962 मध्ये वरच्या न्यायालयात ती रद्द झाली. पण टीव्हीची दारं पुढेही बरीच वर्षं बंद राहिली. तेव्हा हा माणूस बॅन्जो घेऊन शाळा-कॉलेजात, मुलांसमोर गात राहिला. आपल्या पेशाला जवळचं वाटावं असं आयुष्य आहे हे.

त्याच चळवळीतला दुसरा आवाज महालिया जॅक्सन यांचा. गॉस्पेल म्हणजे चर्चमधलं भक्तिसंगीत, त्याच्या त्या सम्राज्ञी. त्या 27 जानेवारी 1972 ला शिकागोजवळ वारल्या. 28 ऑगस्ट 1963 ला वॉशिंग्टनच्या मोर्चात मार्टिन ल्यूथर किंग भाषण करत होते तेव्हा मंचावरूनच या बाईंनी त्यांना ओरडून सांगितलं की, तुमच्या स्वप्नाचं सांगा. किंग यांनी मग लिहून आणलेलं भाषण बाजूला ठेवलं, आणि पुढचा भाग आज पाठ्यपुस्तकांत असतो. 1963 साल पाहा, दिल्लीला जानेवारी आणि वॉशिंग्टनला ऑगस्ट.

बाकीच्या गोष्टी मी भराभर घेतो. 27 जानेवारी 1970 ला जॉन लेननने 'इन्स्टंट कर्मा' हे गाणं सकाळी लिहिलं आणि रात्री लंडनच्या ॲबी रोडवरच्या स्टुडिओत मुद्रित केलं. दहा दिवसांत तबकडी दुकानात! 'कर्म' हा आपला शब्द तिकडे पोचला होता. त्याच्या दोन वर्षं आधी बीटल्स हृषीकेशला येऊन राहिले होते. 27 जानेवारी 1984 ला लॉस एंजलिसमध्ये पेप्सीच्या जाहिरातीचं चित्रीकरण चालू असताना आतषबाजीच्या ठिणगीने मायकेल जॅक्सनचे केस पेटले आणि डोक्याची त्वचा गंभीर भाजली. मिळालेली 15 लाख डॉलरची भरपाई त्याने ज्या रुग्णालयात उपचार झाले त्यालाच देऊन टाकली. (मुलं इथे मूनवॉक करून दाखवतात. दाखवू द्या.) आणि 27 जानेवारी 1756 ला साल्झबर्गमध्ये मोत्सार्ट जन्मला. 'हा कुठे पॉप्युलर?' असं म्हणू नका. टायटनच्या घड्याळांच्या जाहिरातीतली धून त्याचीच आहे. सलील चौधरींनी 'छाया' चित्रपटातलं 'इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा' त्याच्या चाळिसाव्या सिंफनीवर बेतलं. गायले कोण, तर तलत महमूद आणि पुन्हा लताबाईच!

एवढं झालं की एक प्रश्न ठरलेला. 'सर, मग 27 जानेवारी हा गाण्यांसाठी खास दिवस आहे का?' मी म्हणतो, तुझ्या वाढदिवसाची तारीख घे आणि शोध. आठवडाभरात जवळजवळ प्रत्येकजण काहीतरी घेऊन येतो. तारखा 366 आणि जगात गाणारे किती, याचा विचार मुलांना आपोआप करावा लागतो. 6 फेब्रुवारीला कवी प्रदीपांचा जन्म (1915), त्याच तारखेला लताबाईंचं निधन (2022) आणि त्याच तारखेला 'इन्स्टंट कर्मा' इंग्लंडमध्ये बाजारात आलं. योगायोग आहे. योगायोगाला योगायोग म्हणायला शिकवणं हेही शिकवणंच आहे.

पालकांसाठी एक छोटं काम. मुलाला विचारा : 27 जानेवारीच्या संध्याकाळचा कार्यक्रम आपल्याला जुन्या वर्तमानपत्रात शोधायचा आहे, तर कोणत्या तारखेचा अंक मागायचा? बहुतेक मुलं पटकन '27 चा' म्हणतात. थांबा, उत्तर सांगू नका. मग 27 जानेवारी 1963 ला वार कोणता होता ते काढायला लावा. (रविवार. पण तेही सांगू नका.) जवळपास जुने अंक जपून ठेवणारं एखादं सार्वजनिक वाचनालय असेल तर मुलाला घेऊन जाच.

त्या मुलीबद्दल विचाराल म्हणून सांगतो. माफी मागितल्यावर ती लगेच खुलली वगैरे काही झालं नाही. पुढचे दोन आठवडे तिची पाळी आली की ती मैत्रिणीला लिहायला लावायची. मग 12 फेब्रुवारीला तिने स्वतः लिहिलं, आणि खाली कंसात बारीक अक्षरात : 'तपासून पाहिले आहे.' आता आमच्या वर्गात दिनविशेषाखाली ही ओळ सगळेच लिहितात, आणि ज्या दिवशी ती नसते त्या दिवशी मुलं मला वाचू देत नाहीत.