खाली दोन, वर एक

मराठी पानासाठी या वेळी माझी पाळी आहे. उस्ताद म्हणाले, ‘समाजसेवेवर निबंध नको, काय शिकलास ते लिही.’ म्हणून जानेवारीतल्या एका रात्रीचा धडा लिहितो.

अजमेर स्टेशनसमोरच्या घंटाघरापासून मदार गेटकडे जाताना फुटपाथवर झोपणारी माणसे तुम्ही आउटपासच्या दिवशी पाहिली असतील. २०११ च्या जनगणनेत अशा बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. रात्री यासाठी, की दिवसा हीच माणसे हमाल, रिक्षावाले, मजूर असतात आणि गर्दीत ओळखू येत नाहीत. देशभरात ती संख्या १७ लाख ७३ हजार भरली. वर्गात हा आकडा मी पाठ केला होता. त्या रात्री मात्र आमच्याकडे ३१ ब्लँकेटे होती आणि ती अर्ध्या तासात संपली.

अजून वीसेक माणसे उघड्यावर होती. मी गाडीच्या मागे जाऊन डोळे मिटले. माझी आजी दर वर्षी वारीला जाते, त्यामुळे अडचणीत तोंडात विठ्ठलच येतो. मी म्हटले, ‘विठ्ठला, अजून वीस ब्लँकेटे पाठव.’ आकडा अगदी स्पष्ट सांगितला, जसा स्टोअरच्या इंडेंटवर लिहितात. डोळे उघडले तर समोर तोच रस्ता. ब्लँकेट एकही नाही.

शेजारी बंद चपलांच्या दुकानापाशी एक म्हातारी पुठ्ठ्याचे खोके उलगडून खाली अंथरत होती. दोन खोके तिने बाजूच्या पोराला दिले. मी ब्लँकेट संपल्याचे सांगून माफी मागितली, तर ती म्हणाली, ‘बेटा, थंडी वरून कमी आणि खालून जास्त येते.’ उस्ताद हसले आणि माझ्याकडे पाहून फक्त एवढेच बोलले, ‘खाली दोन, वर एक.’

हे वाक्य कॅम्पच्या वर्गात मी वहीत लिहून घेतले होते, परीक्षेत त्यावर गुणही मिळवले होते. ऊब ब्लँकेटमध्ये नसते, त्यात अडकलेल्या हवेत असते. माणूस अंगावर झोपला की खालचे ब्लँकेट दाबले जाते, हवा निघून जाते आणि फरशी अंगातली उष्णता ओढत राहते. म्हणून खाली न दबणारी वस्तू हवी: पुठ्ठा, पेंढा, गोणपाट. कपडे ओले असतील तर आणखी वाईट, कारण पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. इतके सगळे ठाऊक असून मी ३१ ब्लँकेटे ३१ जणांच्या अंगावर टाकून पुढे गेलो होतो.

आमच्या मेसच्या मागे बटाट्याची आणि पिठाची रिकामी पोती पडलेली असतात. ती विकून पैसे मेसच्या खात्यात जमा होतात, त्यामुळे मेस हवालदारांनी हाउसमास्तरांची सही मागितली. सही मिळाली. साठ पोती घेऊन आम्ही परतलो तेव्हा साडेदहा वाजले होते.

आता जे लिहितो ते लिहायला मला आवडत नाही. भिंतीपाशी एक वयस्क बाबा होते. पहिल्या फेरीत ते थडथड कापत होते, मीच त्यांना ब्लँकेट दिले होते. आता ते कापत नव्हते. मला वाटले, ऊब आली. पोते सरकवायला हात लावला तर धोतर ओले होते. नाव विचारले तर जीभ जड, शब्द कळेना. कापणे थांबणे हे नेहमी चांगले लक्षण नसते. अंग थंड पडलेल्या माणसाचे कापणे थांबले आणि तो बरळू लागला तर धोका वाढलेला असतो. हेही वहीत होते.

उस्तादांनी १०८ ला फोन लावला. आम्ही ओले धोतर काढले, खाली चार पोती घातली, कोरडे ब्लँकेट आणि माझी जर्सी छाती-पोटाभोवती गुंडाळली. हातपाय चोळले नाहीत, चोळू नयेत. कुणीतरी चहा आणला, पण नीट गिळता येत नसताना तो पाजायचा नसतो, म्हणून पेला तसाच निवला. मी त्यांचे डोके मांडीवर धरून बसलो आणि पुन्हा विठ्ठलाचे नाव घेतले. या वेळी आकडा नव्हता. काय मागावे हेच सुचत नव्हते. ॲम्ब्युलन्स आली.

तिसऱ्या दिवशी उस्तादांनी हॉस्पिटलमध्ये चौकशी केली. बाबा उठून बसले होते.

माझ्या डॉर्मिटरीतला हरियाणाचा मित्र म्हणतो, पोती आधीपासून मेसमागे होती, त्यात देवाचे काय? त्याचे बरोबर आहे. पण माझी पहिली प्रार्थना जशीच्या तशी ऐकली गेली असती, तर वीस ब्लँकेटे वाटून आम्ही नऊला बरॅकमध्ये असतो आणि त्या भिंतीपाशी परत गेलोच नसतो. मी याला उत्तर मानतो. मग ज्या गल्लीत आम्ही गेलोच नाही तिथल्यांचे काय, असे त्याने विचारले. यावर मी गप्प बसलो. अजून गप्पच आहे.

रविवारी आजीला फोनवर सगळे सांगितले. ती गाडगेबाबांना मानणारी. पंढरपुरात ते देवळात न जाता बाहेर झाडू मारीत, आणि यात्रेकरूंना डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या, हे मी तिच्याकडूनच ऐकलेले. वाटले, प्रार्थनेबद्दल ती काहीतरी मोठे बोलेल. तिने विचारले, ‘मग नंतर चहा मिळाला का रे त्यांना?’ मला माहीत नव्हते.

पुढच्या आउटपासला मी मुद्दाम मदार गेटला गेलो. भिंतीपाशी कोणी नव्हते. चपलांच्या दुकानापाशी ती म्हातारी होती. बाबा परत आले का, विचारले तर तिने मान हलवली. चार पोती तिने घडी करून, वर वीट ठेवून, त्यांच्या जागेवर राखली होती.