‘सारखा’ आणि ‘आहे’ यांच्यामधले अंतर

अलंकार म्हटले की आपल्या माजी विद्यार्थ्यांना व्याख्यांची पाठांतरे आठवतात. व्याख्या, उदाहरण, दोन गुण. या स्मरणिकेच्या निमित्ताने तो पाठ पुन्हा एकदा घ्यावा असे वाटले. या वेळी गुणांची घाई नाही.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अलंकार अवघे चार आहेत: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढील शास्त्रकारांनी ही संख्या शंभराच्या पुढे नेली. शालेय विद्यार्थ्याने तिला घाबरण्याचे कारण नाही, कारण त्यांपैकी पुष्कळसे अलंकार म्हणजे उपमेचाच गोतावळा आहे.

वर्गात मी एकच वाक्य घेत असे: ‘शाळूचे दाणे मोत्यांसारखे टपोरे आहेत.’ ज्याचे वर्णन करावयाचे ते दाणे हे उपमेय, ज्याच्याशी तुलना केली ते मोती हे उपमान, ‘सारखे’ हा साम्यवाचक शब्द आणि टपोरेपणा हा साधारण धर्म. चारही अंगे उघड आहेत, म्हणून ही पूर्ण उपमा. आता वाक्य थोडे हलवू. ‘दाणे जणू कणसात जडवलेले मोतीच’ म्हटले की उत्प्रेक्षा झाली, कारण येथे कवी कल्पना करीत आहे आणि आपण कल्पना करीत आहोत हे ‘जणू’ या शब्दाने कबूलही करीत आहे. ‘दाणे हेच मोती’ हे रूपक. येथे भेद उरला नाही. ‘हे दाणे नव्हेत, मोती आहेत’ ही अपन्हुती. ‘मोत्याहून दाणा मोलाचा, मोत्याची भाकरी होत नाही’ हा व्यतिरेक. शेतकऱ्यांच्या मुलांना हा अलंकार समजावून सांगावा लागला नाही. आणि ‘शाळूचा दाणा शाळूच्या दाण्यासारखाच’ हा अनन्वय. पदार्थ दोनच, अलंकार सहा.

यमकाविषयी आपल्या विद्यार्थ्यांचा एक गोंधळ नेहमी होई. धम्मपदाच्या 26 वग्गांपैकी पहिला यमकवग्ग. तेव्हा त्यात यमक असणारच, असे मुले धरून चालत. ‘यमक’ म्हणजे जोडी. मराठी काव्यात ही जोडी ध्वनींची असते: ठरावीक ठिकाणी तीच अक्षरे भिन्न अर्थाने पुन्हा येतात. मोरोपंतांच्या आर्या त्यासाठी प्रसिद्ध आहेत. यमकवग्गात मात्र जोडी गाथांची आहे. पहिल्या दोन गाथा समोरासमोर ठेवून पाहाव्यात. पहिलीत दूषित मनामागून येणाऱ्या दुःखाला गाडी ओढणाऱ्या बैलाच्या पावलामागून येणाऱ्या चाकाची उपमा आहे. दुसरीत प्रसन्न मनामागून येणाऱ्या सुखाला सोबत न सोडणाऱ्या सावलीची. साम्यवाचक शब्द म्हणून एक इवलासा ‘व’, संस्कृतातील ‘इव’चा भाऊबंद. साधारण धर्म दोन्हीकडे एकच, मागोमाग येणे. परंतु चाकाला वजन आहे, सावलीला नाही. केवळ उपमान बदलल्याने दुःख जड झाले आणि सुख हलके. उपमान कसे निवडावे याचा इतका नेमका पाठ मला पाठ्यपुस्तकात सापडला नाही.

चुकीच्या उपमानाचे काय होते, हे मी एका मुलाकडून शिकलो. तो सातवीत आपल्याकडे आला. आधीच्या शाळेत त्याला ‘दगड’ म्हणत. रूपकाचे उदाहरण विचारले तेव्हा तो उभा राहून सहज म्हणाला, “मी दगड आहे.” वर्ग हसला. व्याकरणाच्या दृष्टीने उत्तर बरोबर होते, आणि तेच मला खुपले. रूपकात ‘सारखा’ हा शब्द गळतो. साधारण धर्मही बहुधा उघड सांगितला जात नाही. त्यामुळे कोणत्या गुणाने सारखा, हे विचारण्याची सोयच राहत नाही. ऐकणारा मुकाट्याने ते विधान सत्य मानून चालतो.

मी फळ्यावर लिहिले: ‘मी दगडासारखा ______ आहे.’ गाळलेली जागा साधारण धर्माची. ती त्या मुलानेच भरावी आणि उत्तर दुसऱ्या दिवशी आणावे, असे सांगितले. वर्गाने ‘मठ्ठ’, ‘गप्प’, ‘टणक’ असे शब्द सुचवून पाहिले. त्याने एकही घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच्या वहीत होते: ‘मी दगडासारखा ऊबदार आहे.’ खाली कारणही दिले होते. उन्हाळ्यात रात्री शेतावर राखणीला गेल्यावर आजोबा आणि तो बांधावरच्या मोठ्या दगडाला पाठ टेकून बसत. ऊन जाऊन किती तरी वेळ झालेला असे, तरी दगड तापलेलाच असे.

उपमेय, उपमान, साम्यवाचक शब्द, साधारण धर्म, सर्व जागच्या जागी होते. ‘ऊबदार’मधला ऊकार त्याने ऱ्हस्व लिहिला होता, तेवढा अर्धा गुण मी कापला.