चि. मुक्तास, त्या पुस्तकावरून

भांडुप (प.)



काल स्टेशनाबाहेर भाजी घेताना नंदाची सून भेटली. "तुमच्या मुक्ताने मुलुंडच्या कार्यक्रमात त्या बाईंचं आजारपणावरचं आत्मकथन पार सोलून काढलं," असं कौतुकाने सांगत होती. जाता जाता म्हणाली, त्या बाई चहालाही थांबल्या नाहीत. घरी आल्यावर मला कुकर लावायचंही सुचेना. मुक्ता, त्या घरी नीट पोचल्या का? तुमच्यापैकी कोणी फोन तरी केला का?

तुझे आक्षेप तिने सांगितले तेवढे कळले. नवव्या वर्षीची भांडणं शब्दशः दिली आहेत, इस्पितळाच्या तारखा जुळत नाहीत, आणि आई एका प्रकरणात देवी तर पुढच्यात कैदाशीण. पहिलं मान्य. इतकं जुनं बोलणं अवतरणचिन्हांत कोणालाच आठवत नसतं. तारखाही विचाराव्यात. त्या आईचीही काही बाजू असेलच, ती छापली गेलेली नाही. पण तिसरं? अगं, मानसशास्त्रात एम.ए. तू करतेस की मी? त्या बाईंच्या आजाराच्या, म्हणजे बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकाराच्या, नऊ लक्षणांपैकी पाच दिसली की निदान होतं, आणि त्यातलं एक हेच ना, की सकाळी ज्याला डोक्यावर घेतलं तोच संध्याकाळी डोळ्यांसमोर नको? त्या पुस्तकातली आई पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखी असती तर मलाच शंका आली असती. त्याच यादीत स्वतःला इजा करून घेणंही आहे. म्हणून परत विचारते, त्या पोचल्या का?

'सिबिल'चा दाखला दिलास म्हणे. द्यावा, पण अर्धा देऊ नये. एका बाईत सोळा व्यक्तिमत्त्वं सांगणारं ते 1973 चं पुस्तक तिने स्वतः लिहिलेलंच नव्हतं. लिहिलं फ्लोरा श्रायबर या पत्रकार बाईंनी. 2011 मध्ये डेबी नेथन यांनी जुने कागद चाळून त्याचं बिंग फोडलं. पण त्या कागदांत शर्ली मेसनचं, म्हणजे खुद्द सिबिलचं, 1958 चं पत्र आहे. माझ्यात दुसरं कोणी नाही, मी खोटं सांगत आले, असं तिने डॉक्टर विल्बरना कळवलं होतं. डॉक्टरीणबाईंनी तो आजाराचाच भाग धरला आणि उपचार पुढे चालू. नवनवी व्यक्तिमत्त्वं सांगितली की विश्वास, नाहीत म्हटलं की अविश्वास! संशयच घ्यायचा तर आधी डॉक्टरच्या खुर्चीत बसलेलीवर घे.

आपल्याकडेही नागपूरच्या उत्तरा हुद्दार 1974 पासून मधूनमधून शारदा नावाची जुन्या काळची बंगाली स्त्री होत. इयान स्टीव्हन्सन अमेरिकेचे, अकोलकर पुण्याचे, दोघांनी त्यावर लिहिलं. कोणी पुनर्जन्म म्हणालं, कोणी म्हणालं बाई आधी थोडं बंगाली शिकल्या होत्या. वाद सगळा त्यांच्या बंगालीचा. त्यांचे ते दिवस कसे गेले, हे माझ्या वाचनात फारच कमी आलं.

सुशीमावशीचं तुला घरात सांगितलंय तेवढंच माहीत. ती काहीबाही सांगायची, रडायची, ताटावरून उठायची. जास्त झालं की दिगूमामा म्हणायचा, "ठाण्याला पोचवून येतो," म्हणजे तिथल्या वेड्यांच्या इस्पितळात. तेव्हा नाहूर स्टेशन नव्हतं, भांडुप सुटलं की मुलुंड आणि मग ठाणंच. एकदा ती म्हणाली, अमुक गोष्ट शिमग्याला झाली. तुझ्या आजीने सिद्ध करून दाखवलं, की शिमग्याला आम्ही सगळे गावी होतो. घर जिंकलं. मे महिन्यातही सुशी लांब बाह्यांचं पोलकं घालायची, मुक्ता. मी शाळेत शिकवत होते, शहाणी म्हणवत होते. पण बाही जरा वर कर, असं कधी म्हटलं नाही. तारीख चुकली होती, एवढंच आम्हाला पुरलं.

फार बोलले का गं? तुझं चूक पकडणं मला आवडतं. माझ्या पत्रातले ऱ्हस्व-दीर्घ सहावीत असताना तूच सुधारायचीस, आणि मी रागावल्यासारखं करायचे. ती नजर घालवू नकोस. मार्शा लिनेहान यांचं आत्मचरित्र वाच, 2020 चं. बॉर्डरलाइनवरची डीबीटी ही उपचारपद्धती त्यांचीच, आणि तरुणपणी त्या स्वतः इस्पितळात कोंडलेल्या होत्या, हे 2011 मध्ये त्यांनी जाहीर सांगितलं. इस्पितळाआधीचं पुष्कळसं आठवत नाही, असं त्या साफ लिहितात. त्या बाईंनाही असं मोकळं लिहिता येईल. पण हे दोघीच असताना सांग, माईकवर नको.

आज फोन कर. पुस्तकाचं काढूच नकोस, नुसती चौकशी कर. उचलला नाही तर त्यांच्या घरच्यांना कर, आणि मग मला कर, कितीही वाजले तरी. एकटीने बसून घोर लावून घेऊ नकोस, तू तशी आहेस हे मला ठाऊक आहे.

रविवारी ये. बांगडे आणून ठेवते. उपासबिपास धरला असशील तर आधी कळव. येताना ते पुस्तक घेऊन ये, मी अजून वाचलेलं नाही.

तुझी,
माईमावशी