घाटात मन कुठे ठेवायचं

सातारा

चि. मुक्तास,


तुझा मेसेज वाचला. बोपदेव घाटात अर्ध्यावर थांबलीस, बाबांना गाडी घेऊन बोलावलंस आणि ‘माझं मनच कच्चं आहे’ असा निकाल लावून मोकळी झालीस. वर, सातारा हिल हाफ मॅरेथॉनमधलं नाव काढून घेऊ का, असंही विचारतेस. फोनवर बोलले असते तर तू नुसतं ‘हो गं मावशी’ म्हणत राहिली असतीस, म्हणून लिहायला बसले.

आधी त्या दिवसाचं बघू. महिनाअखेर होती. सकाळपासून तू हिशेब जुळवत स्क्रीनसमोर बसलेलीस, जेवणही डेस्कवरच, आणि तिथून उठून थेट घाट. (संध्याकाळी त्या घाटात एकटीने जायचं नाही, हे मी परत सांगणार नाही.) वेल्समधल्या बँगोर विद्यापीठात सॅम्युएल मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. माणसांना आधी दीड तास कॉम्प्युटरवर डोकं शिणवणारं काम दिलं आणि मग पाय थकेपर्यंत सायकल मारायला लावली. दुसऱ्या एका दिवशी तीच माणसं, तीच सायकल, पण आधी नुसता माहितीपट बघितलेला. डोकं शिणलेलं असताना ती लवकर थांबली. हृदय आणि स्नायूंच्या मोजमापांत त्याचं कारण सापडेना. फरक एवढाच होता, की तेच श्रम त्यांना पहिल्यापासून जास्त वाटत होते. तुझंही त्या संध्याकाळी तेच झालं. तेव्हा मन कच्चं वगैरे काही नाही, ते दिवसभर राबून आलेलं होतं. चढाचा सराव रविवारी सकाळी कर आणि ऑफिसच्या दिवशी सपाटीवर हलकं पळ. निम्मी तक्रार तिथेच मिटेल.

उरलेल्या निम्म्याबद्दल मात्र नीट बोलायला हवं.

तू म्हणतेस, दम लागला की मन दुसरीकडे वळवतेस. गाणी लावतेस, सुट्टीचे बेत करतेस. सपाटीवर हे चालतं, मीही करते. पण चढावर ते पुरत नाही. मॉर्गन आणि पोलॉक या दोन संशोधकांनी 1977 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या अव्वल मॅरेथॉनपटूंना विचारलं होतं, की धावताना तुमचं लक्ष कुठे असतं? साधारण धावणारे मन रमवून त्रास विसरायला बघत होते. अव्वल धावपटू उलट शरीराकडेच कान देऊन होते. श्वास कसा चाललाय, पाय जड झालेत का, कुठे आखडलंय का, हे बघत ते वेग कमीजास्त करत होते. मला हे मनापासून पटतं. घाटात पळून जायला जागा नसते, गाणं संपलं की चढ तिथेच असतो.

म्हणून शर्यतीच्या दिवशी यवतेश्वरच्या घाटात मन लांब पाठवू नकोस, जवळ बोलाव. समर्थ मंदिर मागे पडलं आणि रस्ता वर निघाला की पहिल्यांदा खांदे बघ. ते कानांपर्यंत चढलेले असतात, खाली सोड. मुठी आवळलेल्या असतील, उघड. पाऊल आखूड कर आणि नजर दहा-पंधरा हातांवर ठेव, पुढच्या वळणावर नको. मग श्वास. तीन-चार शब्दांचं वाक्य सलग बोलता येतंय ना? मग वेग बरोबर आहे. येत नसेल तर कमी कर. आणि ते घड्याळ बाहीखाली झाक! चढावर ते फक्त एवढंच सांगतं, की तू रोजच्यापेक्षा हळू आहेस. चढ असल्यावर हळूच असणार. हृदयाचे ठोके मात्र रोजच्यापेक्षा वरच असतात. घड्याळातला वेग बघून किती जणी रडकुंडीला आलेल्या मी पाहिल्यात, आणि त्यातल्या बऱ्याच जणी खरं तर छान पळत होत्या.

या शर्यतीत आणखी एक गंमत आहे, ती तुला आधीच माहीत हवी. वर जाऊन त्याच रस्त्याने परत यायचं असतं. तू धुक्यात, ओल्या रस्त्यावर, पोटऱ्या भरून आलेल्या अवस्थेत वर सरकत असशील आणि पलीकडून पुढचे लोक सुसाट उतरत येतील. कोणी हसत, कोणी हात उंचावत. कडेला ढोल वाजत असतो, गावातली पोरं टाळ्या द्यायला हात पुढे करून उभी असतात आणि आपल्याला वाटतं, हे सगळं त्या उतरणाऱ्यांसाठीच चाललंय. माझ्या मते पूर्ण शर्यतीतला मनाला सगळ्यात जड जाणारा भाग हाच. तिथे दमापेक्षा तुलनाच जास्त मारते. पोरांच्या हातावर टाळी दे आणि नजर आपल्याच कडेला ठेव.

आपल्याच जिल्ह्यातल्या, माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर यांचं नाव तू ऐकलंयस. मुंबई मॅरेथॉनमध्ये त्या भारतीय महिलांत तीनदा पहिल्या आल्या आणि मग स्टीपलचेसकडे वळल्या. 2016 मध्ये रिओच्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठून दहाव्या आल्या. ती शर्यत 3000 मीटरची असते आणि तिच्यात 28 अडथळे आणि पाण्याच्या 7 उड्या असतात. त्यांच्या मनात काय चालतं हे त्याच जाणोत, पण त्या शर्यतीची रचनाच अशी, की पुढचा अडथळा चुकला तर त्यानंतरच्यांचा विचार करून उपयोग नसतो. घाटात असे अडथळे आपले आपण मांडून घ्यायचे. ते वळण, मग तो कठडा, मग पाण्याचं टेबल. वर पोचायला अजून किती राहिलं, हे कोणाला विचारू नकोस. कडेला उभे असलेले लोक प्रेमापोटी ‘झालंच आता’ म्हणतात आणि ते कधीच खरं नसतं.

चालायची वेळ आली तर? चाल की. फक्त ते घरूनच ठरवून ये. ‘श्वास आवरेना झाला तर शंभर पावलं चालेन आणि एकशे एकाव्याला पळेन,’ असं. ठरवून चाललेली शंभर पावलं आणि हरून चाललेली शंभर पावलं पायांना सारखीच, पण पुढच्या दोन किलोमीटरवर त्यांचा परिणाम अगदी वेगळा होतो.

मनाशी काय बोलायचं, तेही आधी ठरव. मार्कोरांच्याच गटाच्या 2014 च्या प्रयोगात 24 जण होते. त्यातल्या ज्यांनी दोन आठवडे स्वतःशी बोलायची वाक्यं निवडून त्यांचा सराव केला, ते सायकलवर आधीपेक्षा सुमारे 18 टक्के जास्त वेळ टिकले. वाक्यं आपली हवीत, साधी हवीत. तू मला पाठवतेस त्या रील्समधली डरकाळी घाटाच्या पायथ्यापर्यंत पुरते. मी स्वतःला नुसतं ‘चल गं, दम धर’ म्हणते, घरात कोणी भाजीची पिशवी उचलताना म्हणावं तसं. तुझं तू शोध आणि ते सरावातच वापरून बघ. शर्यतीच्या दिवशी नवे बूट घालत नाहीत, तसंच.

एवढं सगळं ऐकून हट्टाला पेटू नकोस मात्र. पोटरी भरून येणं, मांड्या जळणं, कंटाळा येणं हे सोसायचं. छातीत दुखणं, भोवळ, एकाच गुडघ्यात सुई टोचल्यासारखी कळ, घाम थांबून अंगावर काटा येणं, यातलं काहीही झालं तर कडेला बसायचं आणि स्वयंसेवकाला हाक मारायची. तिथे जिद्द दाखवणाऱ्याला मी शहाणं म्हणत नाही.

उताराचं थोडक्यात सांगते. वर पोचलं की सगळं संपलं असं वाटतं आणि मन सैल सुटतं. उतारावर मांड्या प्रत्येक पावलाला ब्रेक लावत असतात, म्हणून दोन दिवसांनी जिने उतरताना रडायला येतं. तेव्हा तिथेही आखूड पावलं, आणि मान वर.

नाव काढायचं नाही. शनिवारी दुपारपर्यंत ये, बिब घ्यायला आपण दोघी जाऊ. रात्री वरणभात करीन. बाहेरचं काही खायचं नाही आणि पुण्याच्या मैत्रिणींना घेऊन येणार असशील तर आधी कळव, गाद्या काढून ऊन दाखवावं लागतं आणि ऊन सध्या आमच्याकडे मागून मिळत नाही.

आईला नमस्कार सांग.

तुझी
मीरामावशी