कळमेश्वर ते क्योटो: मंदिरं पाहायला खर्च किती?

जपानची जुनी मंदिरं पाहायला निघताय? टूरवाल्याच्या ठोक आकड्यावर जाऊ नका. प्रत्येक खर्च सुटा मांडून घ्या.

पासपोर्ट: 36 पानी, दहा वर्षांचा 1,500 रुपयांत, तत्काळ हवा तर 3,500. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच भरा आणि जवळच्या नागपूरच्या पासपोर्ट केंद्राची वेळ घ्या. आधार, जन्मतारखेचा पुरावा, दहावीचं प्रमाणपत्र मूळ प्रतीत न्या. पोलीस पडताळणीला वेगळी फी नाही. कुणी मागितली तर देऊ नका.

व्हिसा: पर्यटकांना ई-व्हिसा मिळतो, अर्ज व्हीएफएस या व्हिसा केंद्रामार्फत करायचा. फोटो, तिकीट व हॉटेलचं बुकिंग, दिवसवार कार्यक्रम, बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र तयार ठेवा. एजंट लावलात तर सरकारी फी, केंद्राचं शुल्क आणि त्याचं कमिशन वेगवेगळं लिहून घ्या. व्हिसा मिळाल्यापासून तीन महिन्यांत जपानला पोहोचावं लागतं. विमानतळावर तो मोबाइलवर ऑनलाइन उघडून दाखवायचा. प्रिंट किंवा स्क्रीनशॉट चालत नाही. नेट पॅक आधीच घ्या.

विमान: नागपूरहून थेट सेवा नाही, दिल्ली किंवा मुंबई गाठा. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. वेगळी काढलीत तर देशांतर्गत टप्प्यात 15 किलोवरच्या सामानाला जादा पैसे पडतात आणि पहिलं विमान चुकलं तर पुढचं तिकीटही बुडतं.

तिकडचा खर्च: एक येन साधारण 55 ते 60 पैसे धरा. क्योटोतलं किंकाकुजी 500 येन, कियोमिझुदेरा 500, नारातलं तोदाइजी 800, होऱ्युजी 2,000. फुशिमी इनारी आणि टोकियोतलं सेन्सोजी फुकट. क्योटोत बसचं तिकीट 230 येन, बस-मेट्रोचा दिवसाचा पास 1,100. मंदिराचा शिक्का वहीत घ्यायचा तर 300 ते 500 येन. सुटे जवळ ठेवा, अनेक ठिकाणी कार्ड चालत नाही.

छुपे खर्च: क्योटोत हॉटेलच्या बिलावर माणशी, दर रात्री निवास कर लागतो. क्रेडिट कार्डावर साडेतीन टक्क्यांपर्यंत परकी चलन शुल्क जातं. पॅकेजवर टीसीएस (टूरवाल्याने आगाऊ वसूल केलेला आयकर) घेतला तर प्रमाणपत्र मागा. विवरणपत्र भरताना ती रक्कम तुमच्या खात्यात धरली जाते.

रेल्वे: सात दिवसांचा पास 50,000 येनचा. टोकियो-क्योटो बुलेट ट्रेन एका बाजूने सुमारे 14,000. फक्त या दोन शहरांत फिरणार असाल तर पास घेऊ नका. सुटी तिकिटं स्वस्त पडतात.